झीज कुणाच्या नावावर

मलकारी व्हनमानेच्या उजव्या कोपराला भोक पडलं, तेव्हा दुगाणे ट्रान्सपोर्टच्या ताडपत्रीला अकरा वर्षं पुरी होत आली होती आणि तिच्यावर अजून साधा ओरखडा नव्हता. भोक आरपार होतं, रुपयाच्या नाण्याएवढं. रक्त नव्हतं, दुखत नव्हतं. कडेनं चार धागे सुटले होते, एवढंच.

पहिल्यांदा पाहिलं ते त्याच्या बायकोनं, जनाक्कानं. मलकारी सकाळी अंगणात उकिडवा बसून चहा पीत होता. कप तोंडाशी नेताना हात वर गेला आणि जनाक्काला त्याच्या कोपरातून पलीकडं दाणे टिपणारी कोंबडी दिसली.

"आवो, तुमच्या कोपरातनं कोंबडी दिसतीया."

"दिसू दे," मलकारी म्हणाला. "च्या गार हुतोय."

चहा संपल्यावर त्यानं भोकात करंगळी घालून बघितली. ती पलीकडून बाहेर आली. मग त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली आणि कामावर गेला, कारण हळदीची गाडी भरायची होती.

मलकारी हळदीच्या यार्डात हमाल होता. पोती काय, कुणीही भरील. ताडपत्री बांधावी मलकारीनंच, असं सगळं यार्ड म्हणायचं. गाडीच्या फाळक्याला चारी कोपऱ्यांवर लोखंडी अँगल असतात, ताडपत्री झिजते ती तिथं घासून. मलकारी त्या अँगलना टायरच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधायचा. दोर जिथून जायचा तिथं खाली बारदान घालायचा. ओली ताडपत्री त्यानं जन्मात कधी गुंडाळली नाही. कुंपणावर पसरायची, वाळवायची, वाळू झटकायची, आणि घडी दर वेळी नव्या जागी घालायची म्हणजे मोडीवर चीर पडत नाही. पावसाळ्याआधी शिवणींवर मेणबत्ती घासायची ती वेगळीच.

"मलकारी, बायकोला कधी एवढं जपलंस का रे?" पोरं चिडवायची.

"बायकू काय फाटतीया व्हय?" मलकारी म्हणायचा, आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

पण यंदा अक्षय्यतृतीयेला विलासशेठ दुगाणे यार्डात आला आणि म्हणाला, "ते ट्यूब-बारदान आता बंद कर. गाडीमागं अर्धा तास जातो तुझा."

"शेठ, झिजंल की ताडपत्री."

"नाही झिजत. मी सांगतो ना."

कसं काय नाही झिजत, ते शेठनं सांगितलं नाही. मलकारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण मालकापुढं बोलून सोय नव्हती. त्यानं ट्यूब सोडली, बारदान सोडलं, आणि वाट बघत बसला. फाटू दे एकदा. फाटली की शेठच्या तोंडापुढं धरीन. दर फेरीनंतर तो कोपरे तपासायचा. जिला अकरा वर्षं लेकरासारखं जपलं ती फाटावी म्हणून माणूस देवाला हात जोडायला लागला. ताडपत्री कोरीच्या कोरी. भाद्रपदात फाटलं ते त्याचं कोपर.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी भोकातून भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. "हे दुखणं नाही," ते म्हणाले. "ही झीज आहे. दुखणं असतं तर मी बघितलं असतं."

मग तो दस्तगीरकडं गेला. दस्तगीर यार्डाच्या फाटकाशी बसून ताडपत्र्या शिवायचा, आणि दोन वर्षं मलकारीशी बोलत नव्हता. मलकारीनं न बोलता बाही वर केली. दस्तगीरनं चष्मा लावला, भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे मानसाचं झिजनं न्हवं," तो म्हणाला. "ही कॅनव्हासची झीज हाय. अँगलवर घासलं की असंच पडतंय भोक. कडंचं धागं बघ, आतल्या अंगाला वळल्यात."

"मी कुटं अँगलवर घासलो?"

"तू न्हाई घासलास. ताडपत्री घासली." दस्तगीरनं चष्मा काढला. "अकरा वर्सं झाली, एकदाबी ठिगळाला आला न्हाईस. मला वाटलं, दुसरीकडं जातोस. म्हून बोलणं टाकलं तुझ्याशी. आता कळलं. जा, झीज नोंदणीत जाऊन तुजं नाव बघ."

झीज नोंदणी कार्यालय तालुक्याला, जुन्या गोदामामागं आहे. दुसऱ्या दिवशी मलकारी गेला आणि संगं जनाक्का गेली. ती चवड्यांवर चालत होती, कारण तिच्या टाचा झिजून पार गेल्या होत्या. तिला बरीच वर्षं तसंच चालायची सवय होती, त्यामुळं त्याकडं कुणाचं लक्ष जात नसे. कार्यालयाच्या दारात शिपाई बसला होता. तो इतका पातळ झाला होता की त्याच्यामागं भिंतीवर लावलेली सूचना सरळ वाचता येत होती. आतलं टेबल मात्र कालच पॉलिश केल्यासारखं नवंकोरं होतं.

टेबलामागच्या कुमठेकर मॅडमनी कोपर बघितलं, रजिस्टर काढलं आणि पान लावलं.

"दुगाणे ट्रान्सपोर्ट, ताडपत्री एक नग, कॅनव्हास. झीज मलकारी व्हनमाने यांच्या नावावर. पहिल्या वर्षापासून."

"माझ्या नावावर कुनी चढवली?"

"तुम्ही. दर खंडेनवमीला अंगठा दिलाय."

आता हे अंगठ्याचं सांगायला हवं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. यार्डात पोती उचलायच्या आकड्यांची होते, वजनकाट्याची होते, गाडीची होते आणि ताडपत्रीचीही होते. शेठ नारळ फोडतो, आणि ताडपत्री बांधणारा हमाल तिच्या कोपऱ्यावर कुंकवाचा अंगठा उठवतो. ताडपत्रीनं आपला माणूस ओळखावा म्हणून, असं जुनी माणसं सांगतात. मलकारीचे अकरा अंगठे त्या कोपऱ्यावर ओळीनं होते, आणि एकही फिकटला नव्हता. त्याला त्याचं मोठं कौतुक होतं.

"ती पूजा हाय वो मॅडम!" जनाक्का ओरडली. "कागुद न्हाई, काय न्हाई!"

"अंगठा कशावर आहे ते आम्ही बघत नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "अंगठा आहे का, एवढंच बघतो. हे बघा, झीज थांबत नसते. जगात जेवढी घासाघीस तेवढी झीज, ती कुणाला तरी लागणारच. वस्तू टिकवायची तर तिची झीज दुसऱ्याच्या नावावर चढवावी लागते. सातबाऱ्यावर फेरफार होतो तसं."

 मलकारीला भोकाचा राग आला नव्हता. राग दुसऱ्याच गोष्टीचा येत होता.

"मग मी ट्यूबा बांधल्या त्या?" तो म्हणाला. "बारदान घातलं ते? मेण घासलं ते? ताडपत्री माझ्यामुळं टिकली न्हाई व्हय? अकरा वर्सं मी काय झक मारली?"

मॅडमनी बोट ठेवून शेवटचा रकाना वाचला. "काळजीचा रकाना आहे ना. झीज पाचपट कमी लागलीय तुमच्या काळजीमुळं. ताडपत्रीला नाही, तुम्हाला. ट्यूब ताडपत्रीच्या कोपऱ्याला बांधत होता, पण राखत होता स्वतःचं कोपर. दुगाणेंच्या जुन्या ताडपत्रीवर तात्या कोळेकर होते. ते काही बांधत नसत. चौथ्या वर्षी संपले."

"तात्या गावाकडं गेला म्हनं."

"नाही. झिजून संपले." त्यांनी पान उलटलं. "तुमचा काळजीचा रकाना अक्षय्यतृतीयेपासून कोरा आहे. असंच चाललं तर खंडेनवमीनंतर आणखी सहा फेऱ्या. सातव्या फेरीला हात कोपरापासून सुटेल."

मलकारीनं उजवा हात डाव्या हातानं धरला. हमालाचा उजवा हात गेला की उरतं काय? त्याच हातानं तो दोर आवळायचा, गाठही त्याच हातानं मारायचा.

"आता ह्ये उतरवायचं कसं?" जनाक्कानं विचारलं.

"दोन रस्ते. वस्तूच्या मालकानं 'माझं मला' म्हणायचं, की झीज वस्तूकडं परत. बस. अर्ज नाही, शिक्का नाही, साक्षीदार नाही. कुठंही उभं राहून म्हटलं तरी चालतं. आजवर एकाही मालकानं म्हटलेलं नाही." मॅडमनी रजिस्टर मिटलं. "नाहीतर मुदत संपू द्यायची. अंगठा एका वर्षाचा असतो. खंडेनवमीला दुपारी बारापर्यंत नवा अंगठा आला नाही, तर सगळी झीज मूळ वस्तूकडं परत जाते, पहिल्या दिवसापासूनची. नवा अंगठा मात्र कुणाचाही चालतो. तो आला तर तुमची सुटका, पण झालेलं भोक तुमच्याकडंच राहील."

मलकारी उठला. जनाक्का उठली नाही.

"मॅडम, माझ्या टाचा बघा की जरा," ती म्हणाली. "आलीच हाय तर."

मॅडमनी दुसरं रजिस्टर काढलं. ते बरंच जाड होतं. "जनाबाई मलकारी व्हनमाने. ही काय. राहत्या घराचा उंबरा, सागवानी, एक. एकतीस वर्षं. लग्नात माप ओलांडून आत आलात तेव्हा कुंकवाची पावलं उठवलीत ना? तीच नोंद."

"आनि हिची मुदत?"

"पावलांना मुदत नसते. लग्नाच्या नोंदी कायमच्या असतात."

"उंबऱ्याचा मालक कोन?"

मॅडमनी वाचून दाखवलं, पण वाचायची गरज नव्हती. जनाक्का नवऱ्याकडं बघत होती. मलकारी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होता.  एसटी स्टँडवर जनाक्का म्हणाली, "जावा. शेठला जाऊन सांगा, माझं मला म्हन म्हनून. मीबी ऐकीन म्हन्ते, मालक काय उत्तर देत्यात ते."

खरं तर ते शब्द मलकारीला तिथंच म्हणता आले असते. दोन-दोन अक्षरांचे दोनच शब्द ते. पण माणसाला भोक दिसतं ते आपलं, आणि त्याच्या डोक्यात शेठच बसला होता.

विलासशेठ गादीवर बसून पेपर वाचत होता. मलकारीनं बाही वर केली आणि सगळं सांगितलं. शेठनं भोक बघितलं आणि पेपराचं पान उलटलं.

"मॅडम बोलल्या वाटतं. त्यांना बोलायचं काम नव्हतं."

"शेठ, दोन शब्द म्हना. माझं मला. माझा हात जातोय."

"आणि माझी ताडपत्री? असं कापड आता मिळतं का बाजारात? अरे, सगळी व्यापारी मंडळी सांगतात, माल द्यावा तर दुगाणेच्या गाडीत, थेंब लागत नाही." शेठनं आवाज मऊ केला. "मी तुला सोडवतो की. तुझा जावई रिकामाच आहे ना? आण त्याला खंडेनवमीला. तरणाबांड गडी आहे, दहा वर्षं सहज जाईल. तू बस आरामात."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे पुष्कळ बघितलेत, पण दुसऱ्याच्या जावयाचं अंग वाटून टाकणारा हा पहिलाच. मलकारीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"शेठ, ट्यूबा बंद का करायला लावल्या? ठावं हुतं न्हवं तुमाला?"

"वेळ जात होता."

"माझं कोपर वाचत हुतं!"

"तेच म्हणतोय," शेठ म्हणाला. "ताडपत्रीचं काही वाचत नव्हतं."

मलकारी तिथून निघाला तेव्हा त्याचे कान गरम झाले होते. त्या दिवसापासून खंडेनवमीपर्यंत तो रोज कामावर गेला, रोज ताडपत्री बांधली, आणि प्रत्येक अँगलला ट्यूब बांधली, बारदान घातलं. शेठनं लांबून हाका मारल्या, शिव्या दिल्या, अर्धा तास, अर्धा तास म्हणून ओरडला. मलकारीनं मान वर केली नाही. भोक तेवढंच राहिलं.

खंडेनवमीला यार्डात झेंडूची तोरणं लागली. हळदीनं भरलेली गाडी फाटकाशी उभी होती, लांबचा माल, दुपारीच निघायचा. वर ताडपत्री ओढलेली, पण पूजा होईपर्यंत दोर आवळायचा नाही ही रीत. उगवतीकडून परतीच्या पावसाचं काळं आभाळ चढत होतं. कुमठेकर मॅडम रजिस्टर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. दर वर्षी त्या येत असत. हमालांना वाटे, प्रसादाला येतात.

शेठनं नारळ फोडला, पाणी ताडपत्रीवर शिंपडलं आणि कुंकवाची वाटी पुढं केली. "चल मलकारी."

"न्हाई."

"बरं, जावयाला आणलंस?"

"न्हाई."

शेठ हसला आणि वळला. "कोण येतोय रे? ताडपत्री बांधायचा मान आजपासून त्याचा. मलकारी दमला."

मान म्हटल्यावर तीनचार गडी पुढं सरकले, आणि त्यात नवल काही नव्हतं. अकरा वर्षं त्यांनी तो मान लांबून बघितला होता. तेव्हा मलकारीनं सदरा काढला आणि उजवा हात डोक्यावर उचलला.

"लांब हू नका, जवळ या," तो म्हणाला. "ह्या भोकातनं बघा. एकेकानं बघा. तात्या कोळेकर गावाकडं गेला न्हाई. तात्या हितंच संपला, ह्याच यार्डात, ह्याच्याच ताडपत्रीपायी. ज्याला मान पायजे त्यानं आधी ह्यातनं बघावं आनि मग अंगठा बुडवावा."

ते एकेक करून आले. भोकातून त्यांना विलासशेठ दिसला, हातात कुंकवाची वाटी घेऊन उभा. बघून झालं की प्रत्येक जण मागं जाऊन अंगठा मुठीत धरून उभा राहिला. दस्तगीर हमाल नव्हता, तरी त्यानंही बघितलं आणि अंगठा मुठीत धरला.

"अरे काय तमाशा लावलाय!" शेठ कडाडला. "सगळ्यांना हाकलीन! उद्यापासून फाटकात पाय ठेवायचा नाही!"

कुणी हललं नाही. पावणेबारा झाले. शेठनं प्रत्येकाच्या पुढं वाटी नेली. आधी दरडावून नेली, मग भाऊ म्हणून नेली, शेवटी पेढ्यांचा बॉक्स घेऊन नेली. मूठ एकाचीही उघडली नाही. पेढा खायलासुद्धा नाही, आणि आमच्या यार्डात ही साधी गोष्ट नव्हे.

"शेठ, तुमचा सोताचा अंगठा हाय की," मलकारी म्हणाला.

शेठनं आपल्या अंगठ्याकडं बघितलं आणि हात खिशात घातला.

मॅडमनी घड्याळ बघितलं. "बारा," त्या म्हणाल्या आणि पानावर एक आडवी रेघ मारली.

ताडपत्री आधी कोपऱ्यांवर गेली, अगदी दस्तगीरनं सांगितलं होतं तशी. मग दोराच्या रेषेवर, मग मोडींवर, मग शिवणीशिवणीनं. अकरा वर्षांचे सगळे अँगल आणि सगळे दोर तिला पाच मिनिटांत लागले. धागे गाडीच्या दोन्ही अंगांनी खाली लोंबले. शेवटी कोपऱ्याचा एक तुकडा तेवढा राहिला, अकरा अंगठ्यांचा, आणि तोही विटून मळकट झाला. मग पाऊस आला. पोत्यांतून पिवळं पाणी सुटलं आणि फाटकापर्यंत वाहत गेलं. शेठ त्यात उभा राहून काहीतरी ओरडत होता. दस्तगीर म्हणाला, "ह्याला ठिगळ बसत न्हाई."

मलकारीनं कोपर चाचपलं. भरलं होतं.

तो भिजत घरी आला. जनाक्का चुलीपुढं होती. तिनं कोपराकडं बघितलं.

"भरलं?"

"भरलं."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चवड्यांवर उठून भाकरी ठेवायला गेली. शेठचं नाव काढूनसुद्धा कधी झालं नव्हतं इतकं तिचं तोंड कडू झालं होतं.

मलकारी दारातच उभा राहिला. पायाखाली उंबरा होता. त्याच्या आज्यानं बसवलेला, धार अशी कोरी की सुताराच्या रंध्याच्या खुणा दिसत होत्या. एकतीस वर्षं दोघं त्याच्यावरून आत-बाहेर करत होते, आणि त्याला कधी वाटलं नव्हतं, की हे लाकूड झिजत कसं नाही. यार्डातल्या पोरांचं चिडवणं त्याला आठवलं. आपलं उत्तरही आठवलं, आणि सगळे किती हसले होते तेही. त्याला स्वतःचाच राग आला.

"माझं मला," तो शेवटी म्हणाला.

उंबरा मधोमध खाली बसला. आधी एक बोट, मग चार बोटं, मग पार जमिनीला टेकला. आत जनाक्काची पावलं थबकली. मग तिनं उजवी टाच जमिनीवर टेकवली, मग डावी. कितीतरी वर्षांनी त्या घरात तिच्या पावलाचा आवाज झाला, धप्प असा, आणि कोंबडी दचकून बाहेर पळाली.

जनाक्का परत दाराशी आली. तिनं उंबऱ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं.

"दोन शब्द हुतं," ती म्हणाली. "भाद्रपदात ठावं झाल्यालं तुमाला. शेठच्या दारात जाऊन भांडलात. यार्डात सदरा काढून भाषान केलंत. आनि हितं?"

 तेवढ्यात अंगणातलं पाणी मोकळ्या दारातून सरळ आत शिरलं आणि चुलीकडं निघालं.

तेव्हापासून पाऊस आला की पाणी त्यांच्या घरात येतं. मलकारी वाकून ते ताटलीनं बाहेर काढतो. जनाक्का टाचा रोवून उभी असते आणि अजून कुठं राहिलंय ते बोटानं दाखवते.